दोन कार्डांमधली पट्टी

दाजींना कुठलीही वस्तू एकटी आणणं जमायचं नाही. कूलर आणला तर दोन, भिंतीवरचं घड्याळ आणलं तर दोन, म्हशी तर दोन होत्याच. एकटी वस्तू आजारी पडती, हे त्यांचं ठाम मत. तर हैदराबादच्या कॉम्प्युटर बाजारात एका दुकानदारानं त्यांना सांगितलं, की पडद्यावर चित्र उमटवणारी ग्राफिक्स कार्डं एकाच मशीनमध्ये दोन बसतात, दोघं मिळून काम ओढतात आणि मशीन दुप्पट पळतं. दाजी तिथंच पाघळले. हुमनाबादला परत आले ते दोन डबे मांडीवर घेऊन. डबे वरच्या फळीवर ठेवा म्हणणाऱ्या कंडक्टरशी भांडून आले होते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, मालक. हायवेला लागून त्यांचं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान होतं. पुढं फोटो काढायची खोली, मागं मिक्सिंगची, वरच्या मजल्यावर घर. मिक्सिंग म्हणजे लग्नाचं तासन्‌तास चाललेलं चित्रीकरण कापायचं, त्यात गाणी घालायची, नवरा-नवरीला फिरत्या कमळातून बाहेर काढायचं आणि सीडी बनवून द्यायची. हे काम मी करायचो. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. पूर्वी ते कुणा टायरवाल्याचं गोदाम होतं आणि रबराचा वास भिंतीत असा मुरला होता, की घरी गेल्यावर शर्टालाही यायचा.

मी तिथं आलो होतो एका सीझनसाठी. बिदरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला, नोकरी नव्हती, दाजी म्हणाले, "एवढा एक सीझन कर तम्मा, मग बघू." तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. मेहुण्याला ते प्रेमानं तम्मा म्हणायचे, आणि काम असलं की जरा जास्तच प्रेमानं. तो सीझन काही संपला नाही. उन्हाळ्यातल्या लग्नांचं मिक्सिंग दिवाळीपर्यंत पुरायचं आणि तुळशीचं लग्न झालं की नवी लग्नं सुरू. पगार विचारावा तर घरचा माणूस. सुट्टी मागावी तर घरचा माणूस. रागावून निघून जावं तर अक्काला घरात तोंड वर काढता आलं नसतं. गळ्यात घोंगडं पडणं म्हणतात ते मला त्या खोलीत कळलं.

त्या वर्षी मात्र सुटायची वाट दिसली. डिप्लोमाला माझ्यासंगं असलेला एक दोस्त हैदराबादच्या एका स्टुडिओत होता. तिथं टीव्हीच्या मालिका एडिट व्हायच्या. त्यानं माझं काम मालकाला दाखवलं आणि मालकानं मला बोलावलं. दसऱ्यापर्यंत जागा राखून ठेवतो, त्यानंतर दुसरा घेतो, असा निरोप आला. मला रात्री झोप लागेना. खिडकीची खोली असेल का तिथं, एवढंच डोक्यात फिरायचं.

दाजींना सांगितलं. मला वाटलं आरडाओरडा करतील. ते हसले.

"जा की! कोण धरलंय तुला? पण ही दोन कार्डं बरोबर चालू करून दे. एका अमावास्येला नारळ फोडू. पुढच्या अमावास्येपर्यंत एकदा बी कुरकुर झाली न्हाई पाहिजे. मग मीच तुला बसमधी बसवून येतो. आणि मधीच बिघडलं, तर पुन्हा नव्या अमावास्येपासून."

आमच्याकडं अमावास्येला गाड्या धुतात, दुकानातल्या मशिनींना हळद-कुंकू लावतात, उंबऱ्यावर नारळ फोडतात. दाजींचा तर सगळा हिशोबच अमावास्येचा. तारीख त्यांना लक्षात राहायची नाही. मी हो म्हणालो. दोन कार्डं बसवायची, त्यात काय, असं वाटलं.

आषाढी अमावास्येला दोन्ही बसवली. एकाला एक पडदा जोडला, दुसऱ्याला दुसरा. बटण दाबल्याबरोबर दोन्ही पडदे उजळले. दाजींनी टाळीच वाजवली.

"झालं! दोन टीव्ही लागले, म्हणजे दोन्ही कार्डं चालू."

"तसं न्हाई दाजी. दोन्ही चालू हायेत, पण एकेकटे. मिळून काम करायले का, ते बघायचंय."

मशीनच्या यादीत दोन्हींची नावं दिसत होती. मग दोन्ही जोडायचा पर्याय होता, त्यावर खूण केली. दुसरा पडदा काळा झाला.

"अय्यो! एक मारलास की रे!"

त्यांना समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. दोन्ही जोडली, की पडद्याला चित्र पहिलंच कार्ड देतं. दुसरं आतल्या आत निम्मं ओझं उचलतं. म्हणून दोन्ही पडद्यांच्या वायरी पहिल्यालाच लावायच्या. लावल्या, तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला. पण तोंडावरचा संशय काही गेला नाही. जे कार्ड काही दाखवतच नाही ते काम करतंय कशावरून, हे त्यांचं म्हणणं. खोटं कशाला बोलू, ते म्हणणं काही चुकीचं नव्हतं.

तपासायला दुकानदारानं एक सीडी दिली होती. ती लावली की समुद्रावर एक जहाज डोलायचं. कोपऱ्यात आकडा पळायचा, सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा. आणि पडद्याच्या कडेला एक हिरवी उभी पट्टी यायची. दोन्ही कार्डं मिळून ओढायला लागली की ती लांब व्हायची. एका कार्डावर जहाज अडखळत चालायचं. दोन्हींवर असं चालायचं, की दाजी खुर्चीतच पुढंमागं डोलायला लागले. मी त्यांचा हात धरून मशीनच्या मागं नेला. दोन्ही कार्डांमागून गरम वारा येत होता.

"आता पटलं?"

"पटलं. गरम हाय म्हणजे राबायलंय."

अक्का पूजेचं ताट घेऊन उभी होती. मशीन तापायचं म्हणून त्याचं बाजूचं झाकण मी काढूनच ठेवलेलं असायचं. तिनं आत वाकून दोन्ही कार्डांना कुंकू लावलं आणि विचारलं, "ही मधली पट्टी कशाची रे?"

दोन्ही कार्डांच्या डोक्यावरून एक बोटभर रुंदीची पट्टी जाते, एक टोक ह्याच्यात, दुसरं टोक त्याच्यात. मी म्हणालो, "दोघांचं बोलणं हिच्यातून होतंय. ही जरा जरी सुटली, तर दुसरं कार्ड नुसतं बसून खातंय."

"म्हणजे तुझ्यासारखं," अक्का म्हणाली, आणि वर निघून गेली.

आमचं हे असंच चालायचं. चहा गार झाला म्हणून मी ओरडायचो, चहा गार होईपर्यंत काय झोपला होतास का म्हणून ती ओरडायची. मुडद्या, मेल्या, कामचुकार, काय काय म्हणायची. सासू-सासऱ्यांसमोर हीच बाई पदर सावरून कन्नडमध्ये हळू आवाजात बोलायची, हे बघून मला हसू यायचं.

पंधरवडा बरा गेला. मग एके दिवशी मशीन चालू केलं आणि जहाज अडखळायला लागलं. हिरवी पट्टी नाही. यादीतून जोडायचा पर्यायच गायब. मागं हात धरला, तर दुसऱ्या कार्डाचा वारा कोमट. सगळं उघडलं, कार्डं काढली, फुंकर मारली, पुन्हा घट्ट दाबून बसवली. आलं ताळ्यावर. पण दाजींनी पाहिलं होतं.

"कुरकुर झाली तम्मा. आता श्रावणातली अमावास्या."

माझं टाळकंच सरकलं. खोलीतच खुर्चीला लाथ घातली आणि अंगठा सुजवून घेतला. पहिला संशय कुंकवावर गेला. बारीक भुकटी खाचेत गेली असणार. वर जाऊन अक्काला म्हणालो, "उद्यापासून मशीनला कुंकू लावायचं न्हाई."

"माझ्या कुंकवाला नाव ठेवायलास व्हय रे? एवढी वर्षं तुला खाऊ घालायलेय, तवा कुंकू चाललं?"

भांडण चांगलं जोरात झालं. शेवटी ठरलं, की तिनं ओलं कुंकू लावायचं आणि तेही कडेला.

ओल्या कुंकवानंही फरक पडला नाही. अमावास्या यायच्या आतच पुन्हा तेच झालं. मग मी म्हणालो, लॉऱ्यांचा हादरा. हायवे दुकानाला खेटून. हैदराबादकडं जाणारी भरलेली लॉरी गेली की टेबलावरची बशी वाजायची. मशीनखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. मग म्हणालो, करंट कमीजास्त होतंय. मग म्हणालो, उष्णता. टेबलफॅन लावला. रोज सकाळी पूजा झाली, की मी देवाला नाही, जहाजाला हात जोडायचो. दोस्ताचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायचो, तो म्हणायचा, "येणार हायेस का न्हाई ते सांग. मालक विचारायलेत." मी म्हणायचो, "येतो रे, कार्ड चालू झालं की येतो." तो हसायचा. कुणालाही हसूच येईल. मला मात्र रडू यायचं, आणि त्या खोलीत रडायची सोयसुद्धा नव्हती, कारण दर पाच मिनिटाला कोणीतरी सीडी कधी मिळणार म्हणून दारात उभं.

पोळ्याच्या दिवशी, म्हणजे श्रावणातल्या अमावास्येला, पुन्हा नारळ फुटला. आता पितरांच्या अमावास्येपर्यंत टिकलं तर दसरा गाठता येणार होता. नाही टिकलं, तर संपलं.

भाद्रपदात एका सकाळी मी बस स्टँडवरून लवकर परत आलो. रिकाम्या सीड्यांचं पार्सल यायचं होतं, ते आलंच नव्हतं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. अक्का मशीनपाशी वाकली होती. तिनं पहिल्या कार्डाला कुंकू लावलं, दुसऱ्याला लावलं. मग अंगठ्याच्या नखानं पट्टीचं टोक हळूच वर उचललं. इतकंच, की बघणाऱ्याला ती बसलेलीच वाटावी. आणि हात जोडले.

"अक्का, काय करायलीस?"

ती दचकली नाही. अंगठा पदराला पुसला.

"कुंकू लावायलेय."

"पट्टी कामून उचललीस?"

"काल तुझा फोन आलता," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. प्रत्येक वेळी मशीन बिघडलं होतं ते हैदराबादचा फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी. कुंकू नाही, लॉरी नाही, करंट नाही. मी ट्यूबा कापत बसलो होतो आणि ही ताट घेऊन बाजूला उभी राहून बघत होती!

"माझी जिंदगी नासवायलीस तू!" मी ओरडलो. "ह्या गोदामात सडवून मारणार हायेस का मला?"

"ओरड," ती म्हणाली. "ओरड, मला बी ओरडू दे. तू गेलास की ह्या घरात मी भांडू कोणासंगं? सासूसंगं? ह्यांच्यासंगं? लग्न होऊन आले तवापासून एकदा बी वरच्या आवाजात बोलले न्हाई मी. तू आलास, माझा घसा मोकळा झाला. तुला वाटतंय चहावरून भांडते. चहा कसला डोंबलाचा! दिवसभर पोटात साठलेलं असतंय, ते तुझ्यावर काढते. तू माझा हायेस म्हणून काढते."

"म्हणून माझी जिंदगी..."

"आणि माझी?"

एवढंच म्हणाली. तिनंच वाकून पट्टी दाबून बसवली आणि ताट घेऊन वर गेली.

जहाज सुरळीत चाललं. दुसऱ्या दिवशीही चाललं. अक्का रोज खाली यायची, कुंकू लावायची, हात जोडायची आणि पट्टीकडं बघायचीसुद्धा नाही. पण भांडणंही बंद झाली. चहा आणून ठेवायची, गार झाला तर काही न बोलता घेऊन जायची आणि गरम करून आणायची. मी मुद्दाम म्हणालो, "आज चहात साखर न्हाई." ती म्हणाली, "घालते." मला शिव्या पाहिजे होत्या. जिना उतरताना तिची पावलं ऐकू यायची तीसुद्धा आता सासूसमोर वाजतात तशी, हळू.

अमावास्या आली. त्या सकाळी पूजा होऊन अक्का वर गेली आणि मी मशीनसमोर उभा राहिलो. सगळं बरोबर होतं. थोड्या वेळानं दाजी मला मोकळं करणार होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी वाकलो आणि पट्टीचं टोक अंगठ्यानं वर उचललं.

दाजी खाली आले. नवं धोतर नेसून, नारळ हातात घेऊन.

"एन् तम्मा, कसं काय? जहाज लाव."

मी लावलं. ते अडखळलं. हिरवी पट्टी आली नाही.

"न्हाई दाजी," मी म्हणालो. "दुसरं कार्ड गप बसलंय."

दाजींनी तोंड पाडलं. पण नारळ खाली ठेवताना त्यांचा हात हलका झाला होता, ते मला दिसलं. "अरेरे. असू दे, असू दे. पुढच्या अमावास्येला बघू. जातंय कुठं हैदराबाद? मिरची भजी सांगू का तुला?"

"चालायलंय की ते," मागून आवाज आला.

अक्का दारात होती. आरतीचं ताट न्यायला परत आली असावी. पूजा सोडली, तर दाजी समोर असताना ती मागच्या खोलीत पाऊल टाकत नसे. आज सरळ आत आली, मला बाजूला सारलं, हात आत घातला आणि पट्टी दाबली. टक आवाज झाला.

"आता एकदा बंद करून चालू करावं लागतंय," ती दाजींना म्हणाली.

तिनं बटण दाबलं. मशीन चालू झालं. मग खुर्चीच्या कडेवर बसून, माऊस पोळपाटावरच्या लाटण्यासारखा मुठीत धरून, तिनं यादी उघडली, पर्यायावर खूण केली, जहाज लावलं. एकदा चुकली, परत केली. कडेला हिरवी पट्टी चढत गेली.

"बगा. दोन्ही बी राबायलेत. पटत नसंल तर मागं हात धरा."

दाजींनी हात धरला. वारा गरम होता.

"अक्का, राहू दे," मी म्हणालो.

"तू गप बस!" ती माझ्यावर ओरडली, नवऱ्यासमोर, खच्चून. किती दिवसांनी ओरडली होती. मग दाजींकडं वळली. आवाज खाली आला नव्हता. "त्याला जाऊ द्या. आम्हा दोघांतलं एक तरी हितून बाहेर पडू दे."

दाजी जहाजाकडं बघत नव्हते. अक्काकडं बघत होते. त्यांना राग आला असता तर मी काहीतरी बोललो असतो. तेवढी तयारी केली होती मी. पण राग नव्हता.

"तुला हे सगळं येतंय?"

"रोज बघते की."

"कधी बोलली न्हाईस."

"कधी विचारलात?"

दाजींचा चेहरा हळूहळू उजळला. खरंच सांगतो, त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. एखादी अडचण सुटली की होतो तसा निखळ आनंद होता तो. त्यांनी नारळ उचलला.

"मग झालं की! तम्मा, तू खुशाल जा. हीच बसंल हितं. कोण परका माणूस ठेवायची गरजच न्हाई. घरचं माणूस हाय, ही कुठं जाणार?"

आणि त्यांनी उंबऱ्यावर नारळ फोडला.

दसऱ्यापर्यंतचे दिवस मी अक्काला काम शिकवण्यात घालवले. ती भराभर शिकली, माझ्यापेक्षा लवकर. सकाळचा स्वयंपाक उरकून खाली यायची आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला वर जायची. चुकली की मी ओरडायचो, ती उलटून ओरडायची, आणि त्यात आमचे ते दिवस फार बरे गेले.

निघायच्या दिवशी पिशवी खांद्याला लावून मी मागच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. अक्का पाठमोरी बसली होती, कानांवर हेडफोन.

"येतो अक्का," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणणार, तेवढ्यात दाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "जा तू, बस जाईल. तिचं काम चालू हाय."